तेपाकीसाठी घातलेली चटई

बस वाइआना, बाकीच्यांनाही बसा म्हण. त्या उलट्या होडीवर तिघं-चौघं मावतील. नाचून आलात, घाम निथळतोय, आणि ही जुलैची थंड हवा आहे, अंगावर काहीतरी घ्या. मगाशी तू मला विचारलंस, तुझ्या पणजोबांचं गाणं पुढच्या गुरुवारपासून कार्यक्रमात घेऊ या का, आणि मी काहीच बोललो नाही. तू गाल फुगवलेस. म्हाताऱ्याला नवीन काही खपत नाही, असं तू पोरींना म्हणालीस तेही ऐकलं. सव्वीस वर्षं ढोल बडवूनसुद्धा माझे कान शाबूत आहेत.

तर ऐक. हे माझ्या मित्राच्या बाबतीत घडलं, तुताईच्या. तुम्ही त्याला ओळखता ते चर्चमागे अळूचे वाफे करणारा, कुणाशी फारसं न बोलणारा माणूस म्हणून. पण एके काळी इथल्याच हॉटेलात माइक त्याच्या हातात असायचा. काय बोलायचा! पाहुण्यांच्या बायकांना विचारायचा, इथे कुणाच्या नवऱ्याला कंबर आहे, की सगळ्याजणी विमानतळावरच ठेवून आलात? तीनशे माणसं एका दमात हसायची. मी मागे ढोलावर. त्याच्या प्रत्येक विनोदानंतर माझी थाप. आमची जोडी होती.

एकोणीस साल. साथीत विमानं बंद पडली त्याच्या आदलं वर्ष. जुलैची चार तारीख, गुरुवार, अमावस्या होऊन दोन दिवस झालेले. दुपारी चारच्या सुमाराला तुताई आणि मी त्याच्या पिकअपमधून आकाइती आत्याकडे निघालो होतो, फुलं आणायला. त्या संध्याकाळी दोन बसगाड्या भरून पाहुणे यायचे होते, हार कमी पडत होते, आणि आत्याच्या कुंपणाला अनंत असा फुललेला असायचा की वास रस्त्यापर्यंत यायचा. मागे ढोल, चटया, तुमच्यासारख्यांचे कपडे, सगळं भरलेलं. तिथून परस्पर हॉटेलवर जायचं, एवढंच काम.

आत्या म्हणजे तुताईच्या वडिलांची बहीण. चौऱ्याऐंशी वर्षांची, एकटी राहायची. तिला एक धाकटा भाऊ होता, तेपाकी. एकसष्ट साली समुद्रातल्या खडकांच्या रांगेतल्या खिंडीतून होडी घेऊन मासे धरायला गेला, तो परत आलाच नाही. एकोणीस वर्षांचा होता. होडी सापडली, वल्हं सापडलं, तो नाही. त्यांच्या आईनं त्याच्यावर विलाप रचला. आपल्या बेटावर प्रत्येक घराचे असतात तसाच, त्या घराचा, त्या एका माणसाचा. पहिल्या कडव्यात खिंडीपाशी उभं राहून त्याला नावानं हाक मारायची. दुसऱ्यात वाट दाखवत वर आणायचं. तिसऱ्यात म्हणायचं, अंगावरचं पाणी झटक, चटई घातलीय, बस, आणि पुन्हा तीनदा हाक मारायची. आणि चौथ्यात त्याच्यावर गोधडी घालून निजवायचं. चौथं झाल्याशिवाय उठायचं नाही.

तो विलाप फक्त आत्याला यायचा. तिच्यामागे कुणीतरी म्हणणारा हवा म्हणून तिनं तो तुताईला शिकवला. तीन आठवडे तो रोज संध्याकाळी तिच्याकडे जायचा. शब्द चुकला की ती काठी आपटायची. तिला वाटलं, पोराला उशिरा का होईना अक्कल आली. पोराचं डोकं मात्र वेगळीकडेच होतं. हॉटेलात नवा मॅनेजर आला होता, ग्रेग नावाचा. पलीकडच्या हॉटेलात आगीचा नाच सुरू झाल्यापासून त्याची झोप उडाली होती. त्याला काहीतरी जुनं हवं होतं, अंगावर काटा आणणारं, पण लहान मुलं घाबरायला नकोत. तुताईनं त्याला आपल्या सख्ख्या काकाचा विलाप दिला. आत्याला सांगितलं नाही.

पूर्ण विलाप अकरा मिनिटांचा. ग्रेग म्हणाला, सात. अकरा मिनिटांत आइस्क्रीम वितळतं.

मग चौथं कडवं काढलं.

कुणी काढलं म्हणता? तुताईनं मला विचारलं, कुठलं काढू? मी म्हटलं, शेवटचं काढ, त्यात ढोल नाही, मला नुसतं बसून राहावं लागतं. हे मी म्हटलं. हे सांगायला मला आजही जड जातं, पण अर्धं सांगून तुम्हाला फसवणार नाही. अर्धं सांगण्यानं काय होतं तेच तर सांगतोय.

आणि तेवढ्यावरही भागलं नाही. पहिल्याच महिन्यात एकदा तिसरं कडवं संपलं, तुताई शेवटची हाक मारून थांबला, सगळीकडे शांतता, आणि नेमका त्याच वेळी एक प्यायलेला पाहुणा संडासाहून परत येताना वाट चुकून अंधारातून थेट चटईवर आला. मी गंमत म्हणून ढोलावर थाप दिली. कंबर हलवताना देतो ना, ती. लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. ग्रेग तर डोळे पुसत होता. त्या दिवसापासून तेच ठरलं. दर गुरुवारी एखादा जाडजूड पाहुणा आधीच हेरायचा, त्याला नारळाच्या काथ्याचा टोप द्यायचा, सुरूच्या झाडांमागे उभं करायचं. तुताईनं तिसऱ्यांदा हाक मारली की त्यानं यायचं, ढोलावर कंबर हलवायची, टाळ्या घ्यायच्या. आठ महिने हे चाललं. दर गुरुवारी आम्ही तेपाकीला हाक मारली, बस म्हटलं, आणि वर हसलो. त्याला निजवलं एकदाही नाही.

तर त्या दुपारी आम्ही आत्याच्या दारात पोचलो. ती ओसरीवर बसलेली. पांढरा झगा, रविवारचा. डोक्यावर नारळाच्या कोवळ्या पात्यांची ती विणलेली पांढरी टोपी. शेजारी फुलांची टोपली तयार. तुताईनं विचारलं, आज कुणाकडे लग्न आहे का? ती हसली. म्हणाली, हॉटेलात कपडे धुणारी बाई चर्चमध्ये भेटली होती. तिनं सांगितलं, तुमच्या तेपाकीचा विलाप दर गुरुवारी म्हणतात आणि पाहुणे अगदी गप्प होऊन ऐकतात. त्या बाईची सुटी पहिल्या कडव्यालाच होते, तिला बिचारीला पुढचं कुठून माहीत असणार.

मग आत्या म्हणाली, "तू मला सांगितलं नाहीस, पण मी रागावले नाही रे. अठ्ठावन्न वर्षांत त्याचं नाव ह्या अंगणाबाहेर कुणी घेतलं नव्हतं. आज मला ने. मला ऐकायचंय."

मी पिकअपपाशी उभा होतो. मला वाटलं, आता हा कबूल करेल. निदान एवढं तरी म्हणेल, की आत्या, पुढच्या गुरुवारी नेतो, आधी नीट बसवतो.

तुताई म्हणाला, "हॉटेलात वीज गेलीय आत्या. आज कार्यक्रम नाही."

आत्यानं त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं. पिकअपमध्ये ढोल होते, गुंडाळलेल्या चटया होत्या, नाचाचे कपडे वाऱ्यानं हलत होते. ती म्हणाली, "बरं." टोपली उचलून तिनं स्वतः माझ्या हातात दिली. टोपी काढली नाही.

रस्त्यात मी एकदा त्याच्याकडे वळलो तर त्यानं रेडिओ लावला.

कार्यक्रम साडेसातला सुरू झाला. भट्टीतलं डुक्कर, केळीच्या पानातला मासा, अळू, पाहुण्यांचे फोटो, सगळं नेहमीचं. त्या दिवशीचा गडी सहा नंबरच्या टेबलावरचा होता. ब्रूस. प्लंबर. पोट सुटलेला, हसरा. त्याला टोप दिला, झाडांमागे पाठवला. नऊ वाजून दहा मिनिटांनी दिवे मंद केले. तुताईनं चटई घातली. मशाल एकच.

पहिलं कडवं. मी हळू ढोल धरला. तुताईचा आवाज त्या दिवशी कधी नव्हे इतका चांगला लागला होता. पाहुणे खरंच गप्प झाले. मला आत्या आठवली. ही एवढीच सात मिनिटं तिला दाखवायला हरकत नव्हती, असंही वाटून गेलं. मग पुढचं आठवलं आणि मी मान खाली घातली.

दुसरं कडवं.

तिसरं.

तुताईनं हाक मारली. "तेपाकी ए..."

मग पुन्हा.

मग तिसऱ्यांदा.

आणि तो आला.

मी थाप दिली. हात आपोआप चालतात, सवय. लोक हसले. पण तो झाडांकडून नव्हता आला. पाण्याकडून आला होता. वाळूवरून. हळू.

डोक्यावर टोप नव्हता. केस कपाळाला चिकटलेले. अंगात शर्ट नाही. पोट नाही. बारीक. पोरगेलासा.

मला वाटलं, ब्रूसनं आपल्या मुलाला पाठवलं. मी आणखी जोरात वाजवलं. तो कंबर हलवेना. लोकांना वाटलं, लाजतोय. ते जास्तच हसले. कुणीतरी शिटी मारली. तुताईनं माइक तोंडाशी नेला आणि म्हणाला, "घाबरू नकोस बाळा, तुझी बायको बघत नाहीये." हशा.

तो चटईपाशी थांबला. दोन्ही हातांनी खांद्यांवरचं पाणी झटकलं.

बसला. मांडी घालून.

वर बघितलं, तुताईकडे.

बस. एवढंच. बघत राहिला... रागानं नाही. वाट बघतात ना तसं. आता पुढचं म्हणशील, म्हणून.

तेवढ्यात माझी नजर झाडांकडे गेली. ब्रूस तिथं उभा होता. हातात टोप. मला खुणेनं विचारत होता, आता येऊ का?

माझा हात थांबला.

लोक हसतच होते.

तुताईचं तोंड उघडं होतं. आवाज नाही. मी मनात म्हटलं, म्हण. चौथं म्हण रे. अजून वेळ गेली नाही. चार मिनिटं, बस.

पलीकडे ग्रेग उभा. बोट गोल फिरवत. आवरा.

तुताईनं ग्रेगकडे बघितलं. चटईकडे बघितलं.

आणि म्हणाला, "आइस्क्रीम तयार आहे, मंडळी."

खुर्च्या सरकल्या. दिवे लागले. तीनशे माणसं उठली, मुलं धावली, कुणी कुणी चटई ओलांडून गेलं. गर्दी सरल्यावर बघितलं तर चटईवर कुणी नव्हतं. चटई ओली होती. मी हात लावला. बोट तोंडात घातलं. खारट.

...

पिकअप तुताईनं चालवली नाही, मी चालवली. रस्त्यावर एक कुत्रं नाही. आत्याच्या ओसरीवर दिवा जळत होता. साडेदहा झाले होते. ती तिथंच बसलेली, त्याच झग्यात, त्याच टोपीत. तिच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून ठेवलेली. आम्ही पायऱ्यांखाली उभे राहिलो. वर जायचा धीर होईना.

तिनंच विचारलं, "पूर्ण म्हटलंस का?"

तुताईनं गुडघ्यावरची वाळू झटकली.

"आतापर्यंत इथे बसला होता," आत्या म्हणाली. आवाज चढवला नाही, काठी आपटली नाही. "मला विचारत होता, ती माणसं कशाला हसत होती." ती थांबली. "मी काय सांगू त्याला?"

पोरांनो, मी आयुष्यात मार खाल्लाय, तुरुंगातही एक रात्र काढलीय, बायकोनं चारचौघांत बोल लावलेत. पण त्या वेळी वाटलं तसं कधी वाटलं नाही. वाटलं, आत्ता ह्या पायऱ्यांखाली जमीन असू नये. आणि तिनं माझ्याकडे बघितलंही नाही, ते आणखी वाईट. मी तिच्या लेखी नुसता ढोलवाला होतो. तिला माहीत नव्हतं की ती थाप माझी आहे. मी सांगितलं नाही. तिला गेल्यालाही आता चार वर्षं झाली.

ती उठली. आम्हाला घेऊन अंगणात गेली. तिथं तिच्या आई-वडिलांच्या कबरी, आणि बाजूला तिसरी, पांढऱ्या सिमेंटची, तेपाकीची. आत फक्त त्याचा एक शर्ट पुरलेला. दुसरं ठेवायला काही नव्हतंच. आत्यानं घरातून गोधडी आणली, लाल-पांढरी, तिच्या आईनं शिवलेली, आणि सिमेंटवर पसरली. मग तुताईला म्हणाली, म्हण. सुरुवातीपासून.

त्यानं म्हटलं. माइक नाही, मशाल नाही, ढोल नाही. पहिलं म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसरं म्हटलं आणि तीनदा हाक मारली. मी डोळे मिटून घेतले होते. मला बघायचं नव्हतं.

मग काही ऐकू येईना.

मला वाटलं, रडतोय. डोळे उघडले. रडत नव्हता. ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. आठ महिने म्हटलंच नव्हतं ना चौथं. तो ते विसरला होता. तीन आठवडे बसून शिकलेलं, सख्ख्या काकाला निजवायचं कडवं, आणि ते त्याला येत नव्हतं. आणि हे त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं. "आत्या, मला येत नाही."

अंगणात वारा नव्हता. मी मागे वळून बघितलं नाही. मागे कुणीतरी बसलं होतं... नाही, मी नाही बघितलं.

आत्यानं पहिली ओळ म्हटली. तिला दम पुरत नव्हता. अर्ध्या ओळीवर खोकला यायचा. ती थांबली की तुताईनं ती ओळ म्हणायची. मग पुढची. शाळेत बाराखडी शिकवतात तशी ती त्याला एकेक ओळ देत होती, आणि बावन्न वर्षांचा तो माणूस खाली मान घालून तिच्यामागून म्हणत होता. चार मिनिटांचं कडवं. संपायला पाऊण तास लागला. एकदाही तिनं त्याला वाईट बोलल्याचं मी ऐकलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

संपल्यावर ती म्हणाली, जा आता, मला झोप आलीय. त्या रात्री पहिल्यांदाच तिनं टोपी काढली.

तुताईनं नंतर माइक कधी हातात घेतला नाही. ग्रेगनं खूप विनवलं, मग दुसरा माणूस शोधला. मी ढोल सोडला नाही, मला दुसरं येतं काय? पण ती थाप मी विलापाच्या जवळपास पुन्हा दिलेली नाही, आणि कुणाच्या घरचं गाणं कार्यक्रमात आलं की मी उठून जातो. वाइआना, तुझं उत्तर ह्यातच आलं. मी नाही म्हणत नाही. आधी तुझ्या आजीला विचार, आणि पूर्ण म्हणणार असशील तर मला बोलाव.

एक राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गोधडी उचलायला आत्याकडे गेलो. दवानं भिजली असेल, तिला एकटीला उचलवणार नाही, म्हणून. गोधडी कोरडी होती. ती काढली तर खालचं सिमेंट मधोमध तडकलेलं, आणि चार बोटं खचलेलं.

गावातल्या निम्म्या कबरी बांधणारा मारा त्याच रस्त्यानं चालला होता, त्याला हाक मारली. बारा वर्षांपूर्वी हे सिमेंट त्यानंच घातलं होतं. तो गुडघ्यावर बसला, भेगेत बोट घालून बघितलं, उतार हातानं मोजला. म्हणाला, जुनी कबर अशी खचत नाही. नवी खचते, पहिल्या वर्षात, खालचं माणूस बसतं तशी. मग त्यानं आमच्याकडे वर बघून विचारलं, "इथं नुकतंच कोणाला ठेवलंत?"

तुताई गोधडीची घडी घालत राहिला.